उरलेली मेंदी

मुर्री गावात आमच्या शेजारच्या काकूंच्या अंगणात मेंदीचं झाड आहे. धानाची रोवणी सुरू झाली की दिवसभर पाण्यात उभं राहून बायांच्या पायांना चिखल्या होतात. संध्याकाळी साऱ्याजणी काकूंच्या ओट्यावर येऊन बसतात आणि काकू वाटलेली मेंदी एकेकीच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत भरतात. "हालू नोको वं, आता पाह्य कसं गार वाटते," असं प्रत्येकीला दटावतात. त्यांच्या स्वतःच्या पायाच्या बोटांची मात्र सालं निघालेली असतात. विचारलं की वाटी धुताधुता म्हणतात, "माह्यं उद्या पाहू. पाय का कुठी पळून जाऊन राहिले?" त्यामुळे रोवणीभर त्यांचे तळहात लालभडक आणि पाय पांढरेफटक.

यंदा मी चिडलेच. थोडी मेंदी आधीच काढून ठेवली, बाया गेल्यावर काकूंना खाली बसवलं आणि त्यांचा पाय ओढून मांडीवर घेतला. "सोड वं, काम पडलं आहे माह्यं," त्या ओरडत राहिल्या. मी बोटांत मेंदी भरली, तसा त्यांनी पाय सैल सोडला. मग पायाकडे बघत हळूच म्हणाल्या,

"इतकं गार वाटते काय वं हे?"