येलदरीच्या काठावर एका हाताचा चहा

येलदरी धरणावर जायचं ठरलं तेव्हा आण्णांनी एकच अट घातली. "येतो, पण च्या मीच करनार. न्हाईतर मला सामानासारखं गाडीत टाकून नेऊ नका."

आण्णा माझे थोरले भाऊ. लकवा मारल्यापासून त्यांचा उजवा हात अधू आहे, आणि घरात त्यांना पाण्याचा पेलासुद्धा कुणी उचलू देत नाही. आमच्या मायेनंच माणूस पुन्हा आजारी पडायच्या बेताला आला होता. त्यामुळे ही सहल चहावरच अडून राहिली.

मग काटक्यांवर चालणारी, सोबत नेता येईल अशी किटली शोधायला लागलो. मधोमध धुराडं, भोवती पाणी, खाली जाळ. ऑनलाइन अशा पुष्कळ आहेत, आणि देखण्या आहेत. मित्राची एक आणून पाहिली. पाणी झटक्यात उकळलं, मी खूश! पण ओतताना एका हातानं कडी धरायची आणि दुसऱ्यानं बूड उचलायचं. ते पाहून आण्णा उठून आत गेले. मला माझाच राग आला.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "आवो, आंगोळीच्या बंबाला तोटी असतीच की!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पाथरीला पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराला तसाच लहान बंब करायला सांगितला. तयार झाला तेव्हा तो अंघोळीच्या बंबाचं पिल्लूच दिसत होता. किंमतही ऑनलाइनच्या निम्म्याहून कमी.

थंडीतल्या एका सकाळी आम्ही तिघं परभणीहून निघालो. पाथरीत बंब घेतला आणि सेलूमार्गे देवगाव फाट्याला गरम भजी खाल्ली. उसाच्या ट्रॉल्या पुढं असतात, तेव्हा गाडी दमानं चालवा. तिथून जिंतूर आणि मग येलदरी. धरणाचं पाणी समोर आलं तसे आण्णा काच खाली करून पाहतच राहिले.

सरपण नेऊ नका. या दिवसांत तुरीचं रान मोकळं होतं, आणि मागं राहिलेल्या वाळक्या तुराट्यांसारखं बंबाला दुसरं जळण नाही. काठालगतच्या शेतातल्या शांताबाईंनी मागताच भारा दिला. आण्णांनी बंबात पाणी भरलं, काडीपेटी गुडघ्याखाली दाबली, डाव्या हातानं काडी ओढली. तिसरीला जाळ धरला. धुराड्यातून ज्योत वर आली आणि वहिनींनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात शांताबाई तांब्याभर दूध घेऊन आल्या. "पाव्हन्यान्ला कोरा च्या कुटं देत्यात व्हय?" म्हणाल्या, आणि आम्ही "अहो, अहो" म्हणेपर्यंत अर्धा तांब्या बंबात ओतून मोकळ्या! आपल्याकडं चहा म्हणजे सगळं एकत्र उकळायचं, त्यांचं काय चुकलं? पण बंबात फक्त पाणीच घालायचं असतं. दूध उतू आलं ते थेट धुराड्यातून जाळावर. जाळ विझला, करपट वास सुटला. बाई बिचाऱ्या कानकोंड्या झाल्या.

मी धावलो. आण्णा गरजले, "हात लावू नको! बस तितं."

बसलो. त्यांनी तोटी सोडून बंब रिकामा केला. पाणी घालून विसळला, पुन्हा विसळला. कपाळावर घाम आला होता. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, मी उठू नये म्हणून की स्वतः उठू नये म्हणून, कोण जाणे. पुन्हा पाणी, पुन्हा तुराट्या, पुन्हा काडी. उरलेल्या दुधात पत्ती-साखर घालून ते बाजूला तीन दगडांवर उकळलं. कप जमिनीवर मांडून त्यांत ते थोडं थोडं ओतलं आणि गरम पाण्यासाठी एकेक कप तोटीखाली सरकवला. पहिला कप शांताबाईंना.

"भाऊ, लय झाक झालाय!"

खरं सांगतो, चहाला करपट वास होता. मी दोन कप प्यालो.

आता घ्यायचा का असा बंब? पाठीवर सामान घेऊन चालणार असाल तर ऑनलाइनची किटली बरी. हा जड आहे, काळा होतो, पोत्यात गुंडाळून न्यावा लागतो. पाणी भरल्याशिवाय जाळ मात्र घालू नका, नाहीतर जोड सुटतात. गाडीनं जाणाऱ्यांनी डोळे झाकून हाच करून घ्यावा.

परवा सकाळी अंगणातून धूर आला म्हणून मी घाबरून बाहेर पळालो. आण्णा पाटावर बसून बंबात तुराटी सारत होते. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

"पळत कशाला आलास? कप आन."