मोहरीएवढी अफू

माझी मावशी लंकाबाई पाथर्डीकडची सुईण. आसपासच्या चार गावांतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली, आणि तिच्या शिव्या न खाल्लेली बाळंतीण शोधून सापडायची नाही. मला तिचा राग आवडायचा. पण एकदा तो तिच्यावरच उलटला.

त्र्याहत्तरचा दुष्काळ. गावातली मालन दिवस भरेपर्यंत पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहत होती. तिला पोरगा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं घर डोक्यावर घेतलं. किंचाळायचा, थरथरायचा, सारखा शिंकायचा, छातीला लावलं की तोंड फिरवायचा. सासू केशरबाईनं बाहेरची बाधा ठरवली, लिंबू उतरवलं आणि सुनेला पांढऱ्या पायाची म्हणून मोकळी झाली.

मावशीनं पोराचे हात धरून पाहिले. अफूची गोळी एकदम बंद केली की सहा-सहा महिन्यांची पोरं अशी थरथरतात, हे तिला माहीत होतं. पण हे तर दोन दिवसांचं.

"तू काय खात हुतीस गं?" तिनं मालनला विचारलं.

"आत्याबाई गोळी द्यायच्या. कंबर लई दुखायची. पाटी उचलंना."

मावशी केशरबाईवर तुटून पडली. "सटवे, पोटातल्या जिवाला अफू चारलीस?"

"मला कुनी शिकवलं?" केशरबाई म्हणाली. "माझा आसाराम तान्हा असताना रडायचा, मला खुरपायला जायचं हुतं. पयली गोळी तूच दिलीस, लंका."

खरंच होतं ते. गावोगाव तिनंच वाटल्या होत्या. मला आजही संताप येतो. बाईनं बाळंत होईस्तोवर राबायचं, पोरानं रडायचं नाही, आणि दोघांची तोंडं बंद करायला एकच गोळी!

मावशीनं मायलेकरांना आपल्या घरी आणलं. एकदम तोडली तर पोर हाती लागणार नाही, म्हणून आधी मोहरीएवढी, मग राजगिऱ्याएवढी, मग नखाला लागेल तेवढी अफू दुधात कालवून चाटवली. तीन आठवडे ती नीट जेवली नाही. शेवटी पोरगा दूध ओढू लागला.

महिन्यानं मालन पुन्हा कामावर गेली. मावशी तिथं पाहायला गेली, मीही सोबत होते. बाभळीखाली नऊ झोळ्या टांगलेल्या, आणि एकही पोर रडत नव्हतं. तिनं मालनच्या पोराच्या तळपायाला टिचकी मारली. तो डोळे उघडेना.

मालन पाटी टाकून धावत आली. "रडला की मुकादम घरी धाडतो, मावशी. म्या काय करू?"

मावशीनं तिच्यावर हात उगारला आणि तसाच खाली घेतला. मग पोराला पाणी शिंपडत, पाठ चोळत ती दिवस कलेपर्यंत बसून राहिली. तो रडला तेव्हा तीही रडली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज बाभळीखाली जाऊन बसू लागली. आयांकडच्या गोळ्या काढून घेतल्या, ज्याला सोसेल तसं एकेका पोराची अफू कमी करत आणली. हळूहळू सगळा माळ किंचाळू लागला.

मुकादम धावत आला. "ए म्हातारे, पोरं गप कर!"

"न्हाई करनार," मावशी म्हणाली. "लई वर्सं तेच केलं म्या."