बावन्न हजारांचा उतार

स्वीडनमधल्या ब्यर्केरीडच्या तळ्याकाठी एवाल्ड फ्रीड यांचं लाल लाकडी घर आहे. घरापासून पाण्यापर्यंत हिरवळ पसरलेली. वरचा अर्धा भाग सपाट आणि खालचा थेट घसरगुंडीसारखा. सेहेचाळीस वर्षं एवाल्डनी ती हिरवळ दर शनिवारी आपल्या हातांनी कापली. शनिवारी संध्याकाळी सहाला चर्चची घंटा झाली की त्या घरात रविवार लागतो. घंटा ऐकली की ते मशीन बंद करत आणि टोपी काढून क्षणभर उभे राहत. कापायचं राहिलेलं सोमवारपर्यंत तसंच राही. एखादा पट्टा उंच दिसला की ह्या शनिवारी एवाल्डना उशीर झाला, हे शेजारपाजारच्यांना आपोआप कळे.

वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, त्याच उतारावर त्यांचा पाय घसरला. मशीन एकीकडे गेलं आणि ते दुसरीकडे. मनगट मोडलं. बाकी देवाच्या कृपेनं सगळं शाबूत होतं. मात्र त्यांनी सांगायच्या आधीच बातमी गोथेनबर्गला पोचली.

"पप्पा, मी आता ऐकणार नाही," त्यांची मुलगी लिस्बेट फोनवर म्हणाली. ती तिथं शाळेत शिकवते. समोरचा गप्प बसला की आपलं म्हणणं पटलं, असं समजायची तिला सवय आहे. "गावात त्या नव्या इमारतीत दोन खोल्यांची जागा आहे. लिफ्ट आहे, जेवणाची सोय आहे."

"लॉन आहे?"

"नाही."

"मग मी शनिवारी काय करू?"

"विश्रांती घे."

"ती रविवारी घेतो."

पलीकडे लिस्बेटनं सुस्कारा टाकला. "हे बघ, जूनमध्ये मिडसमरच्या सणाला मी येतेच आहे. तोवर त्या गवताची काही सोय झाली तर बोलू. नाहीतर सणानंतरच्या मंगळवारी आपण ती जागा बघायला जायचं आणि इथं विक्रीची पाटी लावायची. मशीन घेऊन तू त्या उतारावर परत गेलेला मला चालणार नाही. आईलाही चाललं नसतं."

हे शेवटचं वाक्य तिनं टाकायला नको होतं, आणि ते तिलाही कळलं. फोन लवकर संपला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये उपासना झाल्यावर खालच्या दालनात कॉफी होती. एवाल्ड डाव्या हातानं कप सावरत मायलिसजवळ गेले. पेट्रोल पंपाशेजारी मशीनदुरुस्तीचं दुकान आहे ना, ते मायलिसचं. आधी तिच्या वडिलांचं होतं. लहानपणी तिला रविवारच्या शाळेत नोहाच्या तारवाची, सगळ्या प्राण्यांना वाचवणाऱ्या जहाजाची, गोष्ट एवाल्डनीच शिकवली होती. तेव्हा तारवात एकूण किती चाऱ्याची सोय लागली असेल, असं तिनं विचारलं होतं.

"मायलिस, तो गवत कापणारा रोबो केवढ्याला पडतो?"

"रविवारी मी किंमत सांगत नाही."

"बरं, उद्या सांग."

"लॉन पाहिल्याशिवाय मी कुठल्याच वारी सांगत नाही," मायलिस दालचिनीचा पाव मोडत म्हणाली. "तुझं लॉन मी लांबून पाहिलंय, एवाल्ड. मला आत्ताच धडकी भरलीय."

मंगळवारी ती रबरी बूट घालून आली. हातात मोजायचं चाक आणि खिशात फोन. आधी घराभोवती चक्कर मारली. मग सफरचंदाची झाडं मोजली, विहिरीच्या कठड्यापाशी थांबली, तळ्याकडे उतरली आणि परत वर आली. प्रत्येक ठिकाणी काहीतरी टिपून घेत होती. एवाल्ड व्हरांड्यात उभे राहून बघत होते. डॉक्टर रिपोर्ट वाचतो आणि आपण त्याच्या भुवया बघत बसतो, तसं त्यांचं झालं होतं.

"बावन्न हजार," आत येऊन बूट काढता काढता मायलिस म्हणाली. "बसवायचे वेगळे."

"क्रोनर?"

"नाही, बटाटे. क्रोनरच की."

एवाल्ड खुर्चीवर बसले. "पेपरात जाहिरात होती. बारा हजारांत मिळतो म्हणून."

"मिळतो ना. माझ्या दुकानातही मिळतो. मशीन तेवढं महाग नसतंच रे. महाग असतं लॉन." तिनं आपली कॉफी आपणच ओतून घेतली. तेवढी ओळख दोघांत होती. "जाहिरातीतलं लॉन टेबलासारखं असतं. तुझ्याकडे हा उतार आहे, शंभराला पंचेचाळीस चढतो. साधा रोबो तिथं मागं मागं सरकत थेट तळ्यात जाईल. त्याला चारही चाकांना जोर असलेला लागतो, म्हणजे किंमत दुप्पट. मग विहीर आणि व्हरांडा यांच्यामधली बोळ. तिथून माझा नवरा आडवा जात नाही. पलीकडचं लॉन म्हणून वेगळं धरायचं. एवढ्या जागेला मोठी बॅटरी हवी. आणि त्यानं हद्द ओलांडू नये म्हणून कडेनं सगळीकडे जमिनीत तार पुरायची."

"आणि ते तारेशिवाय चालणारे? उपग्रहावर?"

"त्यांना आभाळ दिसावं लागतं. तुझ्या स्प्रूसच्या झाडांखाली उभं राहून मला देवसुद्धा दिसत नाही, तर उपग्रह कुठला दिसणार." मग जरा ओशाळून ती म्हणाली, "बोलण्यात आलं. माफ कर."

एवाल्डना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. बावन्न हजार जमवता आले असते. पण लिस्बेटला ते कळलं असतं तर तिनं त्याच फोनवर विक्रीची पाटी लावली असती. एवढ्या पैशांत त्या जागेचं कितीतरी महिन्यांचं भाडं निघालं असतं, हे तिनं क्षणात सांगितलं असतं.

मायलिस खिडकीतून खाली बघत होती. "एवाल्ड, एक विचारू? तो खालचा उतार कापायचाच कशाला?"

"म्हणजे?"

"तिथं कुणी बसत नाही, कुणी खेळत नाही. तुझ्या आईच्या वेळी तिथं कुरणच होतं, माझी आजी सांगायची. उन्हाळ्याच्या शेवटी एकदा कापायचं, बस्स."

एवाल्ड उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "गेर्डाला ह्या खिडकीतून पाणी दिसायला हवं असायचं. लिस्बेट पोहायला जायची. गवत वाढलं की पोर दिसायची नाही. मी तिला शब्द दिला होता की तळ्यापर्यंत गवत कधी गुडघ्याएवढं होऊ देणार नाही."

मायलिसनं कप खाली ठेवला. एवाल्डची बायको गेर्डा जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि लिस्बेट चोपन्न वर्षांची. हे तिनं बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाली, "खूप चांगला शब्द होता. तू पाळलास."

ती गेल्यावर एवाल्ड तीन दिवस त्या खिडकीशी बसले. गेर्डाच्या स्तोत्रसंहितेच्या पुस्तकात तिनं हिरव्या कुरणांच्या ओळीपाशी दाबलेलं फूल होतं. फुलाचा रंग कधीचाच उडाला होता. ते एकदा पुस्तक उघडून बघत, एकदा खिडकीबाहेर. गेर्डाला गवत आवडत नव्हतं असं नव्हे. तिला पोर दिसायला हवी होती. पोर मोठी झाली, बुडाली नाही. शब्दाचं काम संपलं होतं. आपणच तो हातात धरून बसलो होतो, हे त्यांच्या ध्यानात यायला तीन दिवस लागले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी दुकानात फोन केला. "उतार वगळ," ते म्हणाले. "मग काय पडेल?"

"साडेतेरा हजार. बोळीपलीकडचा तुकडाही वगळ, तिथं बटाटे लाव. तार स्वतः पुरलीस तर बसवायचेही वाचतील."

"एका हातानं?"

"दुसरा माझा घे. बुधवारी दुपारी मोकळी आहे मी."

बुधवारी दोघांनी सपाट भागाच्या कडेनं हिरवी तार टाकली. मायलिस तार ओढायची, आणि एवाल्ड डाव्या हातानं एकेक खुंटी ठोकायचे. मध्येच थांबून ती सांगत होती, "तार कुठं तुटली तर घाबरायचं नाही. जुना रेडिओ आहे ना तुझ्याकडे? रोबो चार्ज होतो त्या स्टेशनच्या एका बाजूची तार काढायची, रेडिओ मध्यम लहरींवर लावायचा आणि तारेवरून चालायचं. घरघर ऐकू येते. जिथं थांबली, तिथं तुटलंय."

"ह्या रेडिओवर मी चाळीस वर्षं सकाळची उपासना ऐकतोय."

"मग त्याला सवय आहे सूर पकडायची."

शेवटी फोनवर वेळा लावायच्या होत्या. रोबो रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी आठ चालेल, काळोखात ते छोटे काटेरी हेजहॉग बाहेर पडतात तेव्हा बंद. "आणि शनिवारी?" मायलिसनं विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"सहाच्या आधी थांबायला हवा. रविवारी अजिबात नाही."

"त्याला जास्त पैसे पडत नाहीत," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

रोबोचं नाव त्यांनी फ्रिडॉल्फ ठेवलं. गावात प्रत्येकाच्याच रोबोला नाव होतं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. दोन आठवड्यांनी प्लास्टर निघालं. फ्रिडॉल्फ वर इकडून तिकडे फिरायचा, आणि खाली उतार आपला आपण वाढत होता.

मिडसमरच्या शुक्रवारी सकाळी लिस्बेट आली. गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं वरचं लॉन पाहिलं, मग खाली नजर टाकली. "पप्पा, उतार पार जंगल झालाय की."

"कुरण आहे ते."

"हं," ती म्हणाली. ह्या हुंकाराचा अर्थ मंगळवार असा होता, हे एवाल्डना कळलं.

दर मिडसमरला चर्चच्या मंडळीतली सगळी कुटुंबं दुपारी त्यांच्याच अंगणात जमत. फुलापानांनी सजवलेला उंच खांब उभा करायचा, त्याभोवती नाचायचं, नवे बटाटे आणि मुरलेला हेरिंग मासा खायचा. खांबाचा खड्डा लहानपणापासून लिस्बेटच खणते. तिनं पहार घेतली, नेहमीच्या जागी, झेंड्याच्या काठीपासून आठ पावलांवर, खड्डा खणला आणि घाम पुसत आत गेली. दहा मिनिटांनी बाहेर फ्रिडॉल्फ लॉनच्या मधोमध थबकला. त्याच्या पाठीवर लाल दिवा लुकलुकू लागला.

"बघ," लिस्बेट खिडकीशी येऊन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "मी असं म्हणत नाही की तू प्रयत्न केला नाहीस. पण बंद पडलं की कोण बघणार? आज दुकान बंद. मी तिकडे दोनशे किलोमीटरवर."

एवाल्ड व्हरांड्यातल्या खुर्चीवरून उठले. ते आत गेले आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरून रेडिओ घेऊन आले. चार्जिंग स्टेशनची एक तार सोडवली, रेडिओचं बटण फिरवलं आणि वाकून लॉनच्या कडेनं चालायला लागले.

"पप्पा, बातम्या ऐकतोयस?"

"गप्प बस जरा."

रेडिओत माशी अडकल्यासारखी घरघर होती. सफरचंदाच्या झाडांखालून ती त्यांच्यासोबत आली, विहिरीला वळसा घालून आली, झेंड्याच्या काठीपर्यंत आली. मग सहा पावलं, सात पावलं. खड्ड्याच्या काठाशी ती एकदम बंद झाली. एवाल्डनी गुडघा टेकला आणि मातीतून हिरव्या तारेची दोन टोकं उचलून धरली.

लिस्बेट खड्ड्याशेजारी पडलेल्या पहारीकडे बघत राहिली. "मी तोडली?"

"तार इथून नेली ती मीच," एवाल्ड म्हणाले. "सेहेचाळीस वर्षं खांब इथं उभा राहतो, आणि टाकताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. चूक माझी. फळीवर बरणी आहे, त्यातले ते छोटे निळे जोड आण. आणि पक्कड."

ती पळत गेली. पळत जाण्याचं तिचं वय नव्हतं, तरी गेली. आणून तिनं टोकं धरली, आणि एवाल्डनी ताठरलेल्या मनगटानं पक्कड दाबली. पहिल्यांदा जमलं नाही. तिनं हात पुढं केला, पण पक्कड घेतली नाही, नुसती त्यांच्या हाताखाली आधार दिला. दुसऱ्यांदा जोड कट्‌ करून बसला. तार खड्ड्याच्या पलीकडून वळवून घेतली, स्टेशन जोडलं. लाल दिवा गेला आणि हिरवा लागला. फ्रिडॉल्फ जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढं सरकला.

"नाव काय ठेवलंयस ह्याचं?"

"फ्रिडॉल्फ."

"आईला आवडलं असतं," लिस्बेट म्हणाली. ह्या वेळी ते वाक्य टाकायला काही हरकत नव्हती.

खांब सजवायला फुलं हवी होती. दरवर्षी त्यासाठी गाडी काढून मोठ्या रस्त्याच्या कडेला जावं लागे. लिस्बेटनं किल्ली शोधता शोधता खिडकीतून खाली पाहिलं आणि थांबली. उतारावर पांढऱ्या पाकळ्यांची डेझी होती, पिवळे बटरकप होते, आणि पाण्याजवळ निळ्या घंटाफुलांचा एक पट्टा. पलीकडे तळं दिसत होतं. गवत मांडीएवढं होतं, तरी पाणी दिसत होतं.

ती टोपली घेऊन खाली गेली. एवाल्ड खिडकीत उभे राहिले. तिचं डोकं गवतातून वर-खाली होताना त्यांना नीट दिसत होतं.

वर आली तेव्हा तिच्या केसांत गवताची काडी होती. "हे कापायचं कधी?"

"ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी. मंडळीतली सहाजणं लांब दांड्याचे विळे घेऊन येतात म्हणालीत. मायलिस ओस्टकाका, तिचा तो चीजचा केक, करणार आहे. मला फक्त बसून सूचना द्यायच्यात."

"त्या मात्र तू देशील." लिस्बेट टोपलीतली फुलं टेबलावर मांडू लागली, रंग वेगवेगळे करून. "सातवा विळा आहे का घरात?"

"आजीचा आहे. धार लावायला हवी."

"लाव मग." तिनं एक घंटाफूल बाजूला काढलं आणि खिडकीच्या काचेशी, गेर्डाच्या पुस्तकापाशी ठेवलं. "मंगळवारी येत नाही, असं त्या जागेच्या लोकांना सांगायला हवं. फोन करते."

"आज मिडसमर. कुणी उचलणार नाही."

"मग सोमवारी करते," ती म्हणाली. "आणि ऑगस्टला मी शुक्रवारीच येते, पप्पा. शनिवारी सहाच्या आत संपवायला हवं ना सगळं."