तेरच्या पायरीवरचा जादा खड्डा

तोंडी परीक्षा चार दिवसांवर आली असताना शहाणी मुलगी घरी बसून उजळणी करते. मी पुण्याहून धाराशिवच्या एसटीत बसले.

कॉम्प्युटर गेम्सच्या अभ्यासात एम.ए. करते म्हटलं की नातेवाईक विचारतात, "म्हणजे दिवसभर गेम खेळायचं?" नाही हो! आमच्यात जुने पटावरचे खेळही येतात; माझा प्रबंध वाघबकरीवर आहे. धाराशिवजवळच्या तेर गावात एका जुन्या देवळाच्या पायरीवर तिचा पट कोरलाय आणि रेषांच्या बाहेर एक जादा खड्डा आहे. मी बेधडक लिहिलं होतं, ही बकऱ्यांची लपायची जागा, असा नियम दुसरीकडं कुठंच नाही. अख्खं तिसरं प्रकरण त्यावर उभं. आणि पट पाहिला होता फक्त मैत्रिणीनं पाठवलेल्या फोटोत. "एकदा जाऊन ये गं," असं गाइड मॅडम वर्षभर म्हणत होत्या.

बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळं खर्चाची सबब नाही. पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला धाराशिव. स्टँडसमोर ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी झकास मिळते म्हणे. मी जेवायला थांबले नाही. तिथून तेरची गाडी. देवा, देवळात त्या खड्ड्याचं खरं सांगणारं कुणी भेटू नये, एवढाच धावा चालला होता.

पायरीवर दोन म्हातारे वाघबकरीच खेळत होते. खडे म्हणजे वाघ, चिंचोके म्हणजे बकऱ्या. धोतरवाल्या आजोबांनी त्या खड्ड्यात पान-सुपारी टाकली आणि दगडानं कुटायला लागले.

"आजोबा, हे काय करताय?"

"पान कुटतोय. तोंडात दात कुठं हायत?"

"पण इथं... बकरी लपते ना?"

दोघं खो-खो हसले. "ह्या भोकात? लई शिकलीस वाटतं, पोरी!"

दुसरे म्हणाले, "ह्याच्या आज्यानंबी हितंच कुटलं. डाव सोडून घरला कोण जाईल पान कुटाया?"

मग त्यांनी मला एक डाव खेळायला बसवलं. मी धडाधड बकऱ्या घालवल्या. तेरला गेलात तर तिथलं संग्रहालय जरूर बघा. मला काही सुचत नव्हतं, मी नाही पाहिलं.

परतीच्या गाडीत मनात आलं, हे कोण तपासायला जाणार? परीक्षक काही तेरला जायचे नाहीत. गप्प बसलं की झालं. हा विचार इतका सहज आला की मला स्वतःचीच भीती वाटली. मॅडमना फोन लावला आणि रिंग वाजायच्या आत कापला.

परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी सुरुवातच केली, "तिसरं प्रकरण अप्रतिम! हा खड्डा म्हणजे तुमचा खरा शोध." मॅडम खुश. मी प्रबंधातला खड्ड्याचा फोटो उघडला.

"सर, त्यात... पान कुटतात."

मग मी सगळं सांगितलं. प्रकरण बाद, पदवी सहा महिने पुढं. मॅडम दारापर्यंत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "हे मला आधी सांगायचं होतंस."

घरी आल्यावर आईनं विचारलं, "पास झालीस?" मी नाही म्हटलं आणि रडले. आता प्रबंध पुन्हा लिहायला बसते तेव्हा लाज वाटते. नापास झाल्याची नाही. त्या दिवशी 'थँक यू, सर' म्हणून मी गप्प बसणार होते, जवळजवळ बसलेच होते, त्याची.