खळ न लावलेलं शीड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ओलं कापड पिळणं. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. उलटसुलट पीळ देत होतो आणि मधनं पाणी गळत होतं. कापड शिडाचं होतं. सोलापुरात शीड! जवळपास धड पाणी नाही आणि आम्ही नवराबायको हातमागावर गलबताचं शीड विणत होतो.

डोक्यावरची गांधीटोपी बघून पोलीस माणसं धरत होते, त्या दिवसांतली गोष्ट. सात रस्त्याजवळच्या सुतवाल्यानं एक कोकणी तांडेल आमच्याकडं धाडला. तांडेल म्हणजे गलबताचा म्होरक्या. गिरणीचं कापड वाऱ्यात फाटतं, म्हणून त्याला दुपदरी सुताचं जाड कापड हवं होतं. मला तो पोलिसाचा माणूस वाटला. अंगाला माशाचा वाससुद्धा येत नव्हता.

बायकोला मात्र लई कौतुक. "केवढं असतंय वो तुमचं गलबत?"

"ह्या दारापासून त्या लिंबापर्यंत, ताई."

"एवढंच? त्यातनं माल नेता?"

"कौलं नेतो, नारळ नेतो, येताना खजूर. माझा आजा तर नवी बंदरं हुडकत आफ्रिकेपर्यंत गेला होता."

"आणि परत आला?" मी विचारलं.

"आला म्हणून तर मी आहे."

"तुझा बाप आदीच झाला असंल की."

बायको पदर तोंडाला लावून हसली. तांडेलही हसला. मी नाही.

त्याची अट एकच. विणताना ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, लावलेली खळ धुऊन काढायची आणि वरनं परत लावायची नाही. आता आमच्याकडं ज्वारीच्या पिठाची खळ चोळल्याशिवाय कापड बाजारात जातच नाही. खळीनं कापड ताठ होतं, भरीव दिसतं. बिनखळीचं लोळागोळा. कापड मागावरनं उतरलं तेव्हा मला कळलं, हा उद्या येणार, कापड हातात धरून चाळण म्हणणार आणि टाकून जाणार. सगळा उन्हाळा आम्ही त्याच्यात घातलेला. सोलापुरात ते लुगड्याला चालत नाही, धोतराला चालत नाही. शिडाचं कापड दुसरं कोण घेणार?

म्हणून सकाळी मी गुपचूप खळ शिजवली. तिनं ते भांडं उचललं आणि शेळीपुढं ठेवलं.

"अगं, येडी का काय तू?"

"त्यानं सांगितलंय न्हवं? पाण्यात खळ सुटती, कापड कुजतंय, उंदीर खात्यात. त्याचा जीव त्या शिडावर हाय. तुमचा न्हाय."

"आणि त्यानं घेतलंच न्हाय तर?"

"मग मी पांघरीन," म्हणाली. "धरा टोक."

धरलं. पिळलं. वाळत घातलं.

दुपारी छातीत कळ येतेय म्हणून भिंतीला टेकून बसली. दिवेलागणीच्या आत गेली. त्याच सांजेला सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेल यायचा होता. तोवर मी खळ लावली असती का, माहीत नाही. मयताच्या घरात चूल पेटत नाही. शेजारीण म्हणाली, "सुतकातलं कापड कोण नेतंय?" मीही तेच धरून बसलो होतो. त्याला आता चांगलं निमित्त सापडलं.

तो आला. दारातच सगळं समजला. मुंडासं काढून हातात घेतलं. मी गठ्ठा पुढं सरकवला. "बिनखळीचं हाय. सुतकाचं हाय. न्यायचं तर ने."

त्यानं एक पदर उलगडला, तोंडाला लावला आणि चूल फुंकावी तशी जोरानं फुंक मारली. पलीकडं तळहात धरला होता.

"वारा जात नाही," म्हणाला. "ताईंनी चांगलं विणलंय."

गोड बोलणाऱ्यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. गठ्ठ्याचं एक टोक मी उचललं आणि स्टेशनापर्यंत त्याच्याबरोबर गेलो. तो डब्यात बसला, गठ्ठा पायाशी घेतला. मी फलाटाच्या टोकाला जाऊन इंजिन कुठल्या अंगाला जोडलंय ते बघितलं. मुंबईच्या, समुद्राच्या अंगालाच होतं.