उजव्या रांगेतली मोकळी जागा

माझे वडील अकोल्यात भिक्षुकी करतात. मी अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि आई गेल्यापासून दर रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरून त्यांच्याकडे जाते. जायचं त्यांची विचारपूस करायला, पण यंदाच्या पावसाळ्यातले माझे सगळे रविवार त्यांच्या कॉम्प्युटरनं खाल्ले.

मशीन जुनं, नवी विंडोज त्याला झेपेना. मी म्हटलं, लिनक्स टाकून देते. आता लिनक्समध्ये एक भानगड असते. आतलं इंजिन एकच, पण वरचं रूप, म्हणजे खिडक्या, पट्ट्या, चिन्हं कुठं कशी बसतील ते सगळं, वेगवेगळ्या मंडळींनी आपापल्या आवडीनं बनवलेलं असतं. त्याला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. एक आवडलं नाही तर दुसरं टाका, दुसरं नको तर तिसरं. याला लिनक्सवाले छाती फुगवून स्वातंत्र्य म्हणतात. त्यांच्यापैकी कुणाच्याही घरी माझे वडील नाहीत.

वडिलांच्या स्क्रीनवर प्रत्येक यजमानाची एक फाइल असते, पत्रिका-तिथीची, आणि त्या मांडायची एक रीत आहे. ते पूर्वेला तोंड करून बसतात, म्हणजे त्यांचा उजवा हात दक्षिणेला. दक्षिण दिशा पितरांची. म्हणून हयात यजमानांच्या फायली स्क्रीनवर डावीकडे आणि गेलेल्यांच्या उजवीकडे. यजमान वारला तरी तेरवी होईपर्यंत त्याची फाइल हलत नाही. तेरवीनंतर ते तिला माऊसनं धरून सावकाश उजवीकडे नेतात आणि उठून हात धुऊन येतात. आईची फाइल नेली तेव्हा मी मागे उभी होते. त्या दिवशी हात धुवायला गेले ते बराच वेळ न्हाणीतून बाहेर आले नाहीत.

हिवरखेडहून कुणाचा फोन आला, ‘गुरुजी, आमच्या बुढ्याची तिथी कधी येते?’ की त्यांची नजर बरोबर त्या फाइलवर जाते. फोल्डर करून देते म्हटलं तर म्हणाले, “पितरांले डब्यात कोंबतं का?”

पितृपक्ष दीड-दोन महिन्यांवर आला होता. वडील म्हणाले, “तवापर्यंत होत असन तर कर. नाही तर मी फोन उचलनंच बंद करतो. झालं तेवढं पुरे झालं.” आई गेल्यावर त्यांना सकाळी अंथरुणातून उठवणारी गोष्ट ती एकच उरली आहे, यजमानांचे फोन.

पहिलं टाकलं ते फार नावाजलेलं. स्क्रीन स्वच्छ, चिन्ह एकही नाही. नव्या पद्धतीप्रमाणे पडद्यावर काही ठेवायचंच नसतं म्हणे.

“सामान कुठी गेलं वं?”

“आहे बाबा, आत आहे.”

“आत म्हंजे कुठी?”

त्याचं नाव त्यांनी ‘कोरा’ ठेवलं आणि पुढच्या रविवारी मी तो काढला.

दुसरं झगमगीत. खिडकी ओढली की ती लचकत यायची. हा ‘नवरदेव’. नवरदेवानं पहिल्याच दिवशी सगळ्या फायली अ, आ, इ करून ओळीत लावल्या. वडील खुर्चीवरून उठून उभे राहिले. “जित्याच्या मांडीले मांडी लावून मेलेला बसवला तू. चांदूर बाजारच्या त्या पाटलाचं मांगच्या महिन्यात लग्न लावलं मी, अन् त्याले इथं पितरांत घातलं!” मी ते आपोआप लावणं बंद केलं, पण नवरदेवाच्या थाटानं मशीन इतकं तापायचं की चहा होईस्तोवर एक फाइल उघडायची. तोही गेला.

तिसरा साधा, हलका, त्याच्या खुणेत उंदीर. ‘उंदीरवाला’. यात चिन्ह ठेवाल तिथं राहतं. एक अख्खी दुपार आम्ही शेजारी बसून जिते इकडे, गेलेले तिकडे केले. सुटले एकदाची असं मला वाटलं. आधीच्या दोघांचं सामान मात्र मागं राहिलं होतं. मेनूत कॅल्क्युलेटरच तीन. एक काढायला गेले तर सोबत भलतंच काही निघून जायला लागलं, म्हणून राहू दिले.

सोमवारी माझा तास चालू असताना फोन.

“जागा बुजली.”

“कोणती जागा?”

“तुया आईच्या खालची.”

आईच्या फाइलखाली त्यांनी एक जागा मोकळी ठेवायला लावली होती. अकोल्यात लाइट जाते, येते. ती आली की तो जुनाट मॉनिटर मशीन चालू झाल्यावर मागाहून जागा होतो, मशीनला वाटतं स्क्रीन लहान झाली, आणि चिन्हं सरकून एकमेकांना चिकटतात. रविवारी जाऊन मी जागा करून दिली. बुधवारी लाइट गेली. जागा बुजली.

“बाबा, डावं-उजवं बरोबर आहे ना?”

“आहे.”

“फायली सापडतात ना?”

“सापडतात.”

“मंग?”

“जागा बुजली.”

मी डोकं धरून बसले. जगभरच्या हुशार लोकांनी इतकी रूपं बनवली, इतके पर्याय दिले, आणि काहीही न ठेवण्याची जागा सांभाळणारा एक पर्याय त्यांच्याकडे नाही!

पितृपक्षाच्या आदल्या रविवारी मी पोचले ती भडकूनच. जागा पुन्हा बुजलेली. मी खालच्या फायली एकेक घर खाली ढकलल्या, मेनूतून नवरदेवाचा कॅल्क्युलेटर उचलला आणि आईच्या खाली आदळला. “घ्या! आता हा बसला इथं. आता कोणी नाही सरकत.”

वडील चष्मा वर करून त्याच्याकडे पाहत राहिले. मग मशीन बंद करून चालू करायला लावलं. कॅल्क्युलेटर जागच्या जागी.

“पण बाकी इतकी जागा मोकळी पडून आहे, बाबा. तुमाले तेच काहून पायजे?”

त्यांनी डाव्या रांगेत बोट ठेवलं. तिथं त्यांच्या स्वतःच्या पत्रिकेची फाइल होती. मग ते बोट काचेवरून सावकाश उजवीकडे नेलं आणि आईच्या खाली, कॅल्क्युलेटरवर थांबवलं.

मला त्यांचा राग आला, उंदीरवाल्याचा आला, अकोल्याच्या लाइटचा आला, आणि रडूही आलं. मी घाईघाईनं माऊस धरला. “काढते मी त्याले.”

“राहू दे,” ते म्हणाले. “जागा धरून ठेवते चांगला. माही फाइल आणशीन तवा काढजो.” आणि मी उठायला लागले तसं वर बजावलं, “तेरवी झाल्यावर. त्याच्या आधी हात लावजो नको.”

तेवढ्यात फोन वाजला. हिवरखेडचाच होता. त्यांनी उचलला.