चार बंदुका आणि एक पाहणारा

आफ्रिकेत शिकारीला जायचं वेड सौंसरच्या पाटलांच्या डोक्यात कुठून शिरलं ते मला पक्कं ठाऊक आहे. त्यांचा जावई झांबियात तांब्याच्या खाणीवर इंजिनियर होता. दिवाळीला आला तेव्हा त्यानं एक फोटो आणला. फोटोत एक गोरा शिकारी होता, त्याच्या पायाशी म्हशीएवढं जनावर पडलं होतं, आणि बाजूला जावई कमरेवर हात ठेवून असा उभा, जणू यानंच ते लोळवलं. पाटलांनी तो फोटो चार महिने शर्टाच्या खिशात बाळगला. चहाच्या टपरीवर दाखवला, बँकेत दाखवला, तेरवीच्या जेवणातही दाखवला. आपल्याकडे शिकार बंद होऊन दहा वर्षांवर झाली होती. पाटलांची बंदूक बागेतली डुकरं हाकलण्यापुरती उरली होती, आणि डुकरंही तिला मोजत नव्हती.

मी पांढुर्ण्याचा संत्र्याचा व्यापारी. पाटलांची बाग मी दरवर्षी झाडावर घेत असे. म्हणजे बहार झाडाला असतानाच बागेत फिरायचं, फळाचा अंदाज करायचा, दुपट्ट्याखाली बोटं धरून सगळ्या बागेचा एकच भाव ठरवायचा. नंतर गारा पडोत की फळ गळो, नशीब व्यापाऱ्याचं. या धंद्यात मी मालधक्क्यावरच्या हमालीतून वर आलो. इंग्रजी शिकलो ते कलकत्त्याच्या आडत्यांना पत्रं लिहून. म्हणूनच पाटलांना मी आठवलो.

"तू कलकत्त्याले इंग्रजीत लिहितं ना? मंग हेही लिही," पाटील म्हणाले. ओट्यावर डॉक्टर बसले होते, जिनवाले शेठ होते आणि पाटलांचा धाकटा भाऊ होता.

"लिहितो. पण मी बी येतो."

"ये ना बाप्पा, नाई कोन म्हनते? पाचवा तू."

"बंदूक घेऊन येतो."

"हो रे हो. बंदूक घेऊन."

चौघांच्या देखत ठरलं. हे मी नीट सांगून ठेवतो, कारण पुढे एकालाही ते आठवेना.

बंदुकीचा मला एवढा सोस का, तेही सांगतो. मी सतरा वर्षांचा असताना पाटलांच्या वडिलांनी सौंसरच्या वरच्या जंगलात शिकार केली होती. हाका करायला आमच्या वस्तीतली माणसं नेली होती. वडील होते, मीही होतो. डबे बडवत, आरडत आम्ही जनावरं मचाणाकडे रेटायची आणि वरून मालकांनी गोळी घालायची. थोरल्या पाटलांची गोळी एका डुकराच्या मागच्या मांडीत बसली. जखमी डुक्कर घाणेरीच्या झुडपात घुसलं. "जा रे, काढा बाहेर," मचाणावरून आवाज आला. वडील काठी घेऊन आत गेले. डुकरानं त्यांची पोटरी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत फाडली. ते मरेपर्यंत लंगडत चालले. तेव्हा आजचे पाटील मचाणावर बापाशेजारी बसून शेंगदाणे खात होते. मी खालून पाहत होतो. आयुष्यात एकदा आपण बंदुकीच्या बाजूला उभं राहायचं, एवढंच मला हवं होतं.

म्हणून मी जीव लावून तयारी केली. जावयानं त्या गोऱ्या शिकाऱ्याचा पत्ता दिला. पासपोर्टासाठी भोपाळच्या चार खेपा मी केल्या. पैशाचं सासऱ्या-जावयानं आपसात जमवलं. ते कसं, हे मी इथं लिहीत नाही. तिकडचा कोरडा मोसम आपल्या पावसाळ्यात येतो. तेव्हा आपल्या बागांत तोड नसते, त्यामुळे जुलै सगळ्यांना सोयीचा होता. फक्त पाटलांची अट, पोळ्याच्या आत घरी यायचं, कारण बैलांची पूजा त्यांच्याशिवाय होत नाही.

आणि मग सुरू झाले प्रश्न. पहिल्यांदा परदेशी निघालेला माणूस किती मूर्ख प्रश्न विचारू शकतो, ते मी त्या हिवाळ्यात शिकलो. शेठना आंघोळीला गरम पाणी हवं होतं. धाकटे भाऊ सोमवारी आणि गुरुवारी मटण खात नसत; त्या दिवशी मारलेलं जनावर मंगळवारपर्यंत टिकेल का, हे विचारा म्हणाले. पाटलांनी दह्याची चौकशी करायला लावली. शिकलेसवरलेले डॉक्टर! त्यांना भीती फक्त पोट बिघडण्याची. निघाले होते सिंहाच्या मुलखात आणि गोष्टी करत होते इसबगोलाच्या. हे सगळं मी इंग्रजीत लिहिलं. दह्याचं मात्र गाळलं. आपल्यालाही काही अब्रू आहे.

किमतीची बोलणी मी माझ्या पद्धतीनं केली आणि तिथं चुकलो, कबूल करतो. त्या माणसानं जनावरागणिक दर पाठवले होते, हरणाचा एक, रेड्याचा एक, झेब्र्याचा एक. मी लिहिलं, असं सुटं सुटं आम्ही घेत नाही. दहा दिवसांत पाच माणसांच्या हातून जे पडेल ते आमचं, सगळ्याचा मिळून एक आकडा सांगा. कमी पडलं तर आमचं नशीब, जास्त पडलं तर तुमचं. जंगल झाडावर घ्यायला निघालो होतो मी! पत्र पेटीत टाकून छाती फुगवून घरी आलो.

महिन्याभरानं उत्तर आलं. सभ्य भाषेत त्यानं लिहिलं होतं, की महाशय, जनावरं माझी नाहीत, सरकारची आहेत; किती मारायची ते परवान्यावर ठरतं. आणि खाली तीन ओळी होत्या. जनावर जखमी झालं तर ते मारलं असं धरलं जाईल, हाती लागो न लागो. आणि ज्यानं जखमी केलं, त्यानं वाटाड्यासोबत स्वतः त्याच्या मागावर जायचं. माग सोडून परत यायचं नाही.

त्या गोऱ्याबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला. पत्र मी ओट्यावर मोठ्यानं वाचलं.

पाटील म्हणाले, "आपुन कायले जायचं मांगं? त्याईच्याजवळ मानसं नाईत का?"

"आहेत. पण ज्याची गोळी, त्याचे पाय. असा नेम आहे तिकडचा."

"हा काय नेम झाला बे! पैसे देऊन जाऊन राहिलो आपुन."

डॉक्टर खाली पाहत होते. माझ्या वडिलांची पोटरी शिवणारे तेच. बशीतला चहा फुंकत राहिले. पाटलांच्या घरचा चहा फार चांगला असतो.

नंतरच्या पत्रानं खरी गोष्ट उघडी पाडली. त्याच्याकडे वाटाडे दोन होते, आणि नवख्या माणसांच्या बाबतीत एका वाटाड्यामागे दोनच बंदुका तो देत असे. म्हणजे चार शिकारी. पाचवा आला तर पाहणारा म्हणून येईल, बंदुकीशिवाय, कमी दरात. सोबत छापील फॉर्म होता. शिकाऱ्यांची नावं वरती, पाहणाऱ्याचं खाली.

मी म्हटलं, चिठ्ठ्या टाका. पाटील हसले, आणि ते हसताच बाकीचेही हसले.

"चिठ्ठ्या कायच्या? तू हो ना पाहणारा. तुले इंग्रजी येते, त्या गोऱ्यासंगं बोलशीन, आमच्याकून भाव करशीन. पाहणाऱ्यालेही मजाच असते, गड्या."

"बंदूक घेऊन, असं ठरलं होतं."

"कवा ठरलं?" पाटलांनी शेठकडे पाहिलं. "ठरलं होतं का, शेठ?"

"आपल्याले त नाई आठवत," शेठ म्हणाले.

धाकट्यानं हसत शेवटचा खिळा ठोकला. "अन् हाका लागलाच त तुमच्या घरचंच काम आहे, भाऊ. कोनाले शिकवा नाई लागत."

मी उठलो नाही. ओरडलोही नाही, आणि जे मला ओळखतात त्यांना ही गोष्ट खोटी वाटेल. फॉर्म घडी करून खिशात घातला, म्हटलं, भरून पाठवतो. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून सुवाच्य अक्षरात फॉर्म भरला. शिकारी: डॉक्टर, शेठ, धाकटे भाऊ आणि मी. पाहणारे: पाटील. चौघांनी ओट्यावरच कोऱ्या फॉर्मावर सह्या करून ठेवल्या होत्या, वाचून पाहण्याची तसदी नको म्हणून. अशा सह्यांवर बाग विकणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्याकडूनच मी मोठा झालो.

पैसे जावयाकडून यायचे होते, म्हणून फॉर्माची एक प्रत गोऱ्यानं त्याला पाठवली. जावई कौतुकानं सासऱ्याला लिहिता झाला, 'मामाजी, तुम्ही बंदूक न घेता फक्त पाहायला येता आहात हे वाचून बरं वाटलं. तुमच्या वयाला तेच शोभतं.'

मृग बहाराची तोड चालू होती. माझ्या आवारात बाया भाताचं तनस अंथरून पेट्या भरत होत्या. पाटलांची जीप थेट आत आली. दोन पेट्या चाकाखाली गेल्या.

"हे काय करून ठेवलं बे तू?" हातात जावयाचं पत्र.

"पाहणाऱ्यालेही मजाच असते, पाटील."

"मी शिकारीच्या घरचा मानूस! माह्या बापानं वाघ मारले!"

"तुमच्या बापानं डुकराच्या ढुंगनावर गोळी मारली अन् माह्या बापाले झुडपात धाडलं. तुम्ही दाने खाऊन राहिले होते."

बायांचे हात थांबले. एकीनं तोंडाला पदर लावला. पाटलांचा चेहरा संत्र्याच्या सालीसारखा झाला.

"त्याचं काय आता? औषधपानी केलं होतं आम्ही."

"मंग मीही करीन तुमचं. लागलं त सांगजा."

जीप मागे घेताना तिसरी पेटीही गेली. पाटलांनी त्याच संध्याकाळी जावयाला कळवलं, की तब्येत बरी नाही. सासरा नाही म्हटल्यावर जावयाचा हात आखडला, आणि आफ्रिका सौंसरच्या ओट्यावरच संपली. शेठनी मला रस्त्यात गाठून सांगितलं, तुम्ही नुसते पाहायला आले असते तरी चाललं असतं. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी चार माणसांचा बेत मोडला. एवढीशी! वडिलांच्या पायाला टाके किती पडले होते, मी त्यांनाच विचारलं. त्यांना आठवेना. त्या ओट्यावर बसणाऱ्यांची स्मरणशक्ती एकाच बेताची होती. आजही मला वाटत नाही, की माझं काही चुकलं.

गोऱ्याला मी कळवलं, की हे लोक येत नाहीत, मी येतो, एक बंदूक. पैशाचं कसं करीन हे ठाऊक नव्हतं, पण आधी होकार मिळवायचा हा माझा रिवाज. त्यानं लिहिलं, की पहिल्यांदा येणाऱ्या एकट्या माणसाला तो घेत नाही, निदान दोन शिकारी हवेत. दुसरी बंदूक मी पांढुर्ण्यात शोधली. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि विषय बदलायचे.

शेवटी बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "मी येतो ना तुमच्या संगं. दोन बंदुका पायजे ना?"

"तू बंदूक चालवशीन?"

"तुम्ही चालवता का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार खेळाले दरसाल नदीवर जाता. एवढे गोटे फेकता, नदीपल्याडच्या सावरगावच्या एका मानसाले लागला का आजपर्यंत? मांगच्या साली आपल्याच भाच्याचं डोस्कं फोडून आले."

मी जेवलो नाही. ताट सरकवून बाहेर येऊन बसलो. खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत नेम धरण्याचा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता. बंदूक हातात यावी, एवढ्यावरच माझं सगळं भांडण होतं. गोऱ्याला मी उत्तर पाठवलं नाही.

पण पाटलांना तरी नेम कुठे येत होता?